सळीचं वजन

"काळं झालं! काळं झालं बघा पाणी!"

निघोज्याच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी एकच गलका उठला. जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात त्या स्टेजवर सहा प्लॅस्टिकचे टब आणि सहा खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर सहा माणसं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, टबात पाय सोडून बसली होती. दहा मिनिटांपूर्वी त्या टबांत नळाचं स्वच्छ पाणी ओतलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते आधी चहासारखं आणि मग चक्क गंजक्या पत्र्यावरून ओघळल्यासारखं दिसत होतं. वर फेस, खाली काळा गाळ. मागच्या रांगेतल्या बाया खुर्च्यांवर उभ्या राहून बघत होत्या आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता.

त्या सहा जणांमधले तिसरे माझे पप्पा होते.

"हा पाहा गंज!" कानाला माइक लावलेले निमिषसर स्टेजवर येरझारा घालत होते. "बारा वर्षांची शुगर! बारा वर्षांचा गंज! साहेबरावकाकांच्या हृदयातून निघाला आणि तळपायातून बाहेर पडला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पप्पांनी लाजून मान खाली घातली, जणू काही पराक्रमच केला होता.

हे निमिषसर रावेतला राहत. वय पस्तिशीचं, पांढरा टी-शर्ट, पांढरे बूट. कपाळाला भस्म नाही, गळ्यात माळ नाही, हातात लिंबू नाही. तोंडात देवाचं नाव तर औषधालाही नाही. त्यांच्याकडे होती एक मशीन, तिच्यातून टबात सोडलेल्या दोन-दोन सळ्या आणि जीभ.

"कंपनीत लोखंड उघडं ठेवलं तर काय होतं?"

"गंजतं!" हॉल ओरडला.

"आणि साखरेच्या रक्तात हृदय बुडवून ठेवलं तर?"

"गंजतं!"

"शास्त्र याला काय म्हणतं? ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस! म्हणा माझ्याबरोबर!"

दोनशे माणसं आरती म्हणावी तशी एका सुरात म्हणाली, "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस!"

"आता मला सांगा, गंजलेल्या जॉबवर नुसता रंग मारला तर?"

हॉलमधली निम्मी माणसं चाकणच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेली. जॉब, म्हणजे कामाला आलेला सुटा भाग, कसा गंजतो हे त्यांना शिकवावं लागत नाही. सगळ्यात मोठा आवाज पप्पांचा आला, "आतून खातो, सर! रंगाखाली गंज खातच राहतो!"

"वा काका! मग तुमच्या त्या रोजच्या गोळ्या म्हणजे काय? रंग!"

मी तेव्हाच उठून उभं राहायला हवं होतं. मी आम्रपाली, दापोडीच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की काय होतं, हे दरवर्षी फळ्यावर काढते. तरी मी बसून राहिले. का, ते सांगते, कारण लाज वाटली तरी ते सांगितल्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही.

आमच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात बुवा, ताईत, उतारा यांना थारा नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की पप्पा बादलीभर पाणी घेऊन जायचे आणि म्हणायचे, "थांब, गार करतो." लोखंडावर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, पण मशीनला नारळ फोडताना कधी हात जोडले नाहीत. या गोष्टीचा आम्हाला केवढा तोरा! आपण फसणाऱ्यांतले नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. त्यामुळे पहिल्या रविवारी मी घरी येताना म्हटलं, "पप्पा, हा बुवाच आहे," तर ते खवळले.

"बुवा कुठं गं? देवाचं नाव घेतलं का त्यानं? मशीन आहे ती. आणि गंज काय असतो ते तू मला शिकवू नको. माझं आयुष्य गेलंय त्यात."

मी घरी येऊन मोबाईलवर तो शब्द शोधला. शब्द खरा निघाला. मधुमेहात हृदयाच्या पेशींवर असा ताण येतो, असं मोठमोठ्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं. मला वाटलं, शब्द खरा आहे तर माणूसही अगदीच खोटा नसेल. शिवाय तपासायच्या पेपरांचा गठ्ठा समोर पडलेला होता आणि पप्पा खूश होते. मी मोबाईल बाजूला ठेवला. तिथेच माझं चुकलं.

बैठका सात होत्या, दर रविवारी एक. पहिल्या बैठकीला पप्पांचं पाणी काळं, तिसऱ्याला तपकिरी, पाचव्याला फिका चहा. पप्पा प्रत्येक रविवारी टबाचा फोटो काढून आणत आणि आईला ओळीने दाखवत. "बघ केसर, कमी होतोय का नाही?"

आई म्हणायची, "पाणी निवळतंय, पण तुमचा चेहरा का उतरलाय?"

पाचव्या रविवारनंतर आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आमू, हे आडवे झाले की धापतात गं. चार उशा लावून बसल्या बसल्या झोपतात. काल चपलेचा पट्टा बसेना." मग तिने तांदळाच्या डब्यामागून एक पिशवी काढली. आत गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली. इन्सुलिनचं पेनही तसंच.

मी बाहेर जाऊन पप्पांच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"पप्पा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"पहिल्या बैठकीपासून. गंजावर रंग मारायचा नाही, आम्रे."

"आणि ही सूज?"

"सर म्हणाले, गंज हृदयातून सुटून पायात उतरलाय. आता दोन बैठकांत निघून जाईल."

"तुम्हाला जिना चढवत नाही! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"सात बैठका झाल्यावर. प्लेटिंग अर्धवट काढलं तर जॉब वाया जातो, एवढं मला कळतं." आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "छातीत दुखत नाही गं मला. काही दुखतच नाही. हृदयाला काही झालं असतं तर दुखलं नसतं का?"

मी ओरडले, आई रडली, शेजारचे आले. पप्पा हलले नाहीत. हट्टी माणसाच्या छातीवर बसून त्याला गोळी गिळायला लावता येत नाही. सोमवारी मी शाळेच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात दोन खिळे सोडून वीज जोडली. दहा मिनिटांत पाणी गंजासारखं तांबूस. पाय नाही, माणूस नाही, शुगर तर नाहीच नाही. तेच सामान घरी आणून पप्पांसमोर करून दाखवलं.

"ते तुझे खिळे आहेत," पप्पा म्हणाले. "सरांच्या सळ्या वेगळ्या, मशीन परदेशी." बोलता बोलता त्यांना मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

म्हणजे जे करायचं ते त्याच हॉलमध्ये, त्याच मशीनवर, त्यांच्या डोळ्यांसमोर करायला हवं होतं. आणि तेही सहाव्या रविवारीच, कारण सातव्यापर्यंत पप्पा टिकतील अशी माझी खात्री उरली नव्हती.

मी फोनवर माझं नाव नोंदवलं. "वय एकेचाळीस, शुगर तीनशे वीस," असं ठोकून दिलं. रविवारी रिक्षाने पप्पांना घेऊन गेले. हॉलच्या चार पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली. दारातच उद्धवराव भेटले. निघोज्याचं जुनं घर त्यांचं, हॉल त्यांनीच मिळवून दिलेला, आणि स्वतःही टबात पाय सोडणारे.

"या, या साहेबराव! तोंड का असं झालंय?"

"गंज उतरतोय," पप्पा म्हणाले.

माझी पाळी आली तशी मी स्टेजवर गेले. आज मी डोळे उघडे ठेवून बघत होते. निमिषसर यादी बघत होते आणि प्रत्येक टबात हाताने सैंधव टाकत होते. ज्याच्या नावापुढे शुगर जास्त, त्याला दोन मुठी. ज्याची पाचवी-सहावी बैठक, त्याला चिमूटभर. मीठ जास्त तेवढी वीज जास्त, आणि तेवढं पाणी काळं. पाच आठवडे हे सगळ्यांसमोर चाललं होतं आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या टबात भरभक्कम दोन मुठी पडल्या.

"पाय सोडा, मॅडम."

मी पिशवीतून दोन दुधी भोपळे काढले आणि टबात सोडले.

मग पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे काय आहे?" सरांचा माइक चालूच होता.

"माझ्याऐवजी हे बसतील. मशीन चालू करा."

"मॅडम, ही थट्टेची जागा नाही. इथे लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणतेय. मशीन जर हृदयातला गंज काढत असेल, तर दुधीचं पाणी स्वच्छ राहील. राहिलं तर मी सगळ्यांसमोर कान धरून माफी मागेन."

सर काहीतरी ऊर्जेचं बोलायला लागले, पण खालून उद्धवरावांचा आवाज आला, "व्हऊ द्या की, सर. खरं आसंल तर भ्यायचं काय?"

बटण मी स्वतःच दाबलं. सळ्यांभोवती बुडबुडे आले. दुसऱ्या मिनिटाला पाणी पिवळं, पाचव्याला तपकिरी, दहाव्याला काळं. फेस, गाळ, सगळं जसंच्या तसं. दोन्ही दुधी त्या चिखलात निवांत तरंगत होते.

"आगं बया," मागून एक आजी म्हणाल्या, "भोपळ्याला बी शुगर?"

हॉल खदाखदा हसला. मला मात्र हसू आलं नाही. माझं सगळं लक्ष पप्पांकडे होतं आणि त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"भाजी हवेतले दोष शोषते!" सर ओरडत होते. "शिवाय मॅडमची नकारात्मक..."

"थांबा." पप्पा उठले. खुर्चीच्या पाठीला धरत, एकेक पाऊल टाकत स्टेजवर आले. कुणी हात द्यायला गेलं तर त्यांनी झिडकारला. माझ्या टबाजवळ बसले आणि बटण बंद करून सळी बाहेर काढली. अंगठ्याने गाळ पुसला. सळीवर खड्डे पडले होते आणि पाण्याखालचा भाग पेन्सिलीएवढा झाला होता. मी पप्पांना अठ्ठावीस वर्षं कामावरून आलेलं पाहिलंय, पण त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"सर, नवी सळी दाखवा."

"काका, तुमची तब्येत..."

"नवी सळी."

उद्धवरावांनीच खोक्यातून एक कोरी सळी काढून दिली. अंगठ्याएवढी जाड होती. पप्पांनी दोन्ही सळ्या दोन हातांत धरल्या, वर-खाली तोलल्या.

"हा अ‍ॅनोड आहे," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "आमच्याकडं दर शनिवारी अ‍ॅनोड काट्यावर चढायचा. जेवढं वजन कमी, तेवढा तो विजेनं झिजून टाकीत गेला. अठ्ठावीस वर्षं मी हेच बघितलं. आणि इथं पाच आठवडे माझे पाय टाकीत, अ‍ॅनोड माझ्या डोळ्यापुढं, आणि मी वजन केलं नाही. गंज सळीचा होता. माझा नव्हता. माझं डोकं कुठं गेलं होतं, केसर?"

आई तिथे नव्हती, घरी होती. हे त्यांच्या लक्षात नव्हतं. पुढच्या क्षणाला ते बसल्या जागी कलंडले आणि त्यांना श्वास घेता येईना.

त्या गडबडीत निमिषसर मशीन तिथेच टाकून मागच्या दाराने गेले. उद्धवरावांनी स्वतःची गाडी काढली. आम्ही पप्पांना उचलून नेत होतो, तेव्हा एक बाई माझा पदर ओढून विचारत होती, "ओ ताई, माझ्या तीन बैठका ऱ्हायल्यात, त्याचं काय?" मला तिचा राग आला नाही. तासाभरापूर्वी पप्पांनीही हेच विचारलं असतं.

पप्पा चार दिवस ऑक्सिजनवर होते. पाचव्या दिवशी डॉ. मृदुला खाटेजवळ स्टूल घेऊन बसल्या. त्यांच्या हातात हृदयाच्या तपासणीचा कागद होता.

"काका, छातीत कधी दुखलं होतं?"

"नाही. कधीच नाही."

"आणि तुम्हाला एक अ‍ॅटॅक येऊन गेलाय. इतकी वर्षं शुगर राहिली की नसा बोथट होतात, कधी कधी दुखतच नाही. कधी आला ते नेमकं सांगता येणार नाही. या पाच-सहा आठवड्यांत असेल, त्याआधीचाही असेल."

हे वाक्य मी अजून रोज ऐकते. आधीचा असेल तर माझा दोष जरा कमी. पण कुणालाच कळणार नाही.

"म्हणजे गंजाची भानगड सगळीच खोटी?" पप्पांनी विचारलं.

"सगळी खोटी असती तर तुम्ही फसला नसता," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात साखर ढीगभर असते, पण हृदयाच्या पेशीला ती नीट वापरता येत नाही. मग हृदय चरबी जास्त जाळून भागवतं. काम चालतं, पण त्या चुलीला धूर फार. थोडा धूर पेशी स्वतःच निस्तरते. रोजचाच झाला की तिला आवरत नाही, आणि तो धूर पेशीचंच नुकसान करतो. हृदय मात्र कुरकुर करत नाही. जाड होतं, ताठ होतं, पण वर्षानुवर्षं सांभाळून घेतं. आणि एक दिवस सांभाळता येत नाही. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो हा धूर. तो पेशीच्या आत असतो, काका. तळपायातून कसा निघेल?"

"मग माझ्या पायात काय उतरलं होतं?"

"पाणी. पंप कमी पडला की पाणी साठतं."

"आणि तो धूर मारायची एखादी गोळी?"

"तशी जीवनसत्त्वं हजारो माणसांना वर्षानुवर्षं देऊन बघितली. हृदय वाचतं असं दिसलं नाही. तुमच्या रोजच्या गोळ्या साखर आणि प्रेशर ताब्यात ठेवत होत्या, म्हणजे हृदयावरचा भार कमी करत होत्या. त्या रंग नव्हत्या. मेंटेनन्स होत्या."

"आणि मी चालू मशीनचा मेंटेनन्स बंद केला," पप्पा म्हणाले. मग तोंड भिंतीकडे फिरवून रडले. मी त्यांचा हात धरला. मलाही रडू आवरलं नाही.

पप्पा घरी आले, पण ते पप्पा परत आले नाहीत. आता बाजारातून पिशवी उचलून आणवत नाही. विहाराच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी वजन करायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय समजून लगेच यायचं. पप्पा रोज न चुकता काट्यावर उभे राहतात आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात. पहिल्या दिवशी आईला म्हणाले, "अ‍ॅनोडचं केलं असतं तर ही पाळी आली नसती."

दोन महिन्यांनी उद्धवरावांचा फोन आला. निमिषसर दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने बसलेत, आणि निघोज्यातल्या काही घरांत लोक तसलीच मशीन मागवून टबात पाय सोडून बसतात, म्हणे. पप्पा म्हणाले, "मला घेऊन चल."

त्याच हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली. पप्पांना स्टेज चढवेना, म्हणून खालीच खुर्ची टाकली. मांडीवर त्या दोन सळ्या होत्या, एक जाड आणि एक झिजलेली. भाषण त्यांना येत नाही आणि आता तेवढा दमही नाही. ते थांबून थांबून बोलले.

"मी देव मानत नाही, म्हणून मला वाटायचं, मी फसणार नाही. देवाच्या नावानं आला असता तर मी त्याला हाकलला असता. सायन्सच्या नावानं आला, म्हणून घरात घेतला." एक श्वास. "भगवे कपडे असोत नाहीतर पांढरा टी-शर्ट, एकच गोष्ट करा. म्हणा, पाय न घालता मशीन चालवून दाखव. सळीचं वजन करू दे. जो करू देत नाही, त्याच्याकडून उठा." परत श्वास. "आणि जो म्हणेल गोळ्या बंद कर, त्याला विचारा, हृदय थांबलं तर तू येणार का? माझ्याकडं कोणी आलं नाही. माझी पोरगी आली, तीही उशिरा."

शेवटचे दोन शब्द त्यांनी रागाने म्हटले नाहीत, तरी मला ते लागले. लागायलाच हवे होते. शंका आली की तेव्हाच विचारायचं असतं. पेपर तपासून झाल्यावर नाही.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मग उद्धवराव उठले, माझ्याजवळ आले आणि सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची दोन पाकिटं काढली. दोन्ही भरलेली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "यातली सकाळची कंची आन् रातची कंची? तीन महिनं झालं, मी इसारलोय."

मी खाली बघितलं. उद्धवरावांच्या सुजलेल्या पायांवर चपलेचे पट्टे उघडेच होते.

"चला," मी म्हटलं, "आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."